फरशीचं वाण

माझं माहेर मेढ्याकडचं. तिकडे रस्ते नव्हतेच, पायवाटा होत्या. पायवाटेवर समोरून फार तर म्हैस यायची, आणि बाजूला कसं व्हायचं ते म्हशीला बरोबर कळायचं. लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा पहिल्यांदा समजलं की नुसतं घराबाहेर पडायचं म्हणजेसुद्धा जीव मुठीत धरावा लागतो. आमच्या घरापुढचा रस्ता मूळचा गल्लीतलाच, अरुंद. पण साखर कारखान्याकडे जायला तो जवळचा पडतो हे कुणाच्या तरी ध्यानात आलं, आणि उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आमच्या दारावरून जाऊ लागले. हंगाम संपला की वाळूचे ट्रक आणि माणसं कोंबून धावणाऱ्या वडापच्या जीपा. रस्त्याच्या कडेने चालावं म्हटलं तर कडा कुठं होती? डांबर संपलं की थेट उघडी गटार, आणि गटारीपलीकडे आमचे उंबरे. दारापुढे प्रत्येकाने आपापली अरुंद फळी नाहीतर दगड टाकलेला, तेवढ्यावरून उडी मारून रस्त्यावर यायचं.

बायका भाजीच्या पिशव्या पोटाशी धरून भिंतीला चिकटायच्या. कुणी कुरकुर केली की पुरुष म्हणायचे, "जरा बघून चालावं माणसानं." बघून चालावं म्हणे! कुठे बघावं, पायाखालच्या गटारीकडे की पाठीमागच्या ट्रॉलीकडे, हे मात्र एकाने कधी सांगितलं नाही. मीही त्यावर दोन वर्षं नुसती चिडचिड केली, केलं काहीच नाही. मी हायस्कुलात मराठी शिकवायचे. शिक्षकांना चिडचिड करायची सवयच असते.

वळणावरच्या घरात पलूसकडची एक बाई राहायची. नवरा गेलेला, सासरच्यांनी हात झटकलेले, म्हणून भाड्याची एक खोली घेऊन शिवणकाम करायची. गल्ली तिला मशीनवाली म्हणायची. तिची मुलगी माझ्या सहावीच्या वर्गात होती. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय गेलेला. आई तिला कडेवर घेऊन शाळेत सोडायची आणि सुटताना न्यायला यायची. पोर अकरा वर्षांची! वयात यायला लागलेली मुलगी आईच्या कडेवर बसून रस्त्याने जायची, तेव्हा ओढणी डोक्यावरून पुढे घेऊन तोंड झाकायची. आईने फाटकात खाली उतरवलं की ओढणी मागे टाकायची आणि भिंत धरून वर्गापर्यंत एकटी यायची. कुणी हात दिलेला तिला खपत नसे.

दिवाळीनंतर एकदा मशीनवाली माझ्याकडे आली. मिरजेच्या एका शिबिरात मुलीला लोखंडी पट्ट्यांचा बूट मिळाला होता.

"बाई, डाक्तर म्हनत्यात, आता कडंवर घ्याची न्हाई. रोज चालवा. जेवढी चालंल तेवढा पाय धरंल. पर चालवू कुठं, तुमीच सांगा? खोलीत चार पावलं टाकली की भित आडवी येती, आन् भाईर हे असलं."

ती हात करून रस्त्याकडे दाखवत होती आणि नेमका तेव्हाच एक ट्रॅक्टर गाणी लावून दणदणत गेला.

"गटारीवर फरश्या घातल्या तर?" ती म्हणाली. "हितनं शाळंपतूर गटार सरळ हाय. वरनं फरश्या टाकल्या की माझी पोरगी शाळंला चालत जाईल. एकटी जाईल, बाई."

इतकं साधं होतं ते, आणि मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. त्याच दिवाळीत ह्यांच्या छातीत दुखून दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी ह्यांनाही तेच सांगितलं होतं, रोज चाला. त्यामुळे मला तर तिच्या तोंडून देवच बोलल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "लागते कामाला."

नगरपालिकेत अर्ज दिला. तिथले साहेब सभ्य होते. अर्ज नंबरात लागेल म्हणाले, आणि तोवर गल्लीने वर्गणीतून काम केलं तर आमची ना नाही, असंही म्हणाले. मग वर्गणी. गणपती मंडळाच्या पोरांना विचारलं, तर त्यांचं लायटिंग ठरलेलं. घरोघर फिरले, तर पुरुषांचं एकच पालुपद, "बाई, हे सरकारचं काम हाय. आपण का म्हणून?" मांडवासाठी खिशात सहज हात जायचा, गटारीसाठी जाईना. मी संतापून घरी यायचे आणि भांडी आपटायचे. हे म्हणायचे, "भांड्यांनी काय केलंय?"

संक्रांत तोंडावर आली. शेजारच्या काकू वाण काय लुटायचं म्हणून विचारायला आल्या. ह्या काकू गल्लीत सगळ्यांत वडील, नऊवारी, करकरीत आवाज, आणि त्यांच्या शब्दाबाहेर कुठली बाई जायची नाही. मागच्या वर्षी प्लास्टिकचे डबे झाले होते, त्याआधी साबणाच्या डब्या. प्रत्येक घरात कपाटाच्या तळाशी न वापरलेल्या वाणांचा ढीग. तो ढीग आठवला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"काकू, यंदा फरशीचं वाण द्यायचं!"

कल्पना अशी की प्रत्येक सवाष्णीने दुसऱ्या एका सवाष्णीच्या दारापुढच्या गटारीवर फरशी घालून द्यायची. आपल्या दारात आपण नाही घालायची, कारण वाण स्वतःला कुणी देत नाही. मी काकूंच्या दारात घालायची, काकूंनी पलीकडच्या वहिनींच्या, वहिनींनी त्यांच्या पुढच्यांच्या. फरशी शहाबादी, गवंडी एकच, हळदी-कुंकवाला आलं की वाणाऐवजी पैसे माझ्या डब्यात टाकायचे.

काकूंनी हनुवटीला हात लावून विचार केला आणि म्हणाल्या, "अगं बाई! भलतंच डोकं हाय की तुझं."

काय सांगू, जादू झाली. वर्गणी म्हटल्यावर दार लावून घेणाऱ्या बायका वाण म्हटल्यावर पदराच्या गाठी सोडत आल्या. सरकारचं काम कुठल्या कुठे पळालं. एकीने दोन फरश्या सांगितल्या म्हणून तिच्या जावेने तीन सांगितल्या. उखाण्यातसुद्धा फरशी आली. नवऱ्यांनी मुकाट्याने पैसे दिले, कारण बायकोच्या वाणाला नाही म्हणायची कुणाची छाती? मी हवेत होते. शाळेत स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत सुटले होते.

रथसप्तमीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं हळदी-कुंकू माझ्याकडे होतं. बाहेरची खोली बायकांनी भरलेली, अत्तराचा वास, हसणं-खिदळणं. मागच्या दाराची कडी वाजली. दार उघडलं तर मशीनवाली. अंगावरचं पातळ धुतलेलं, केस विंचरलेले. हातात रुमालाची गाठ.

"बाई, माझं बी एक वाण धरा," ती म्हणाली. "पुढच्या दारानं आले न्हाई. तिथं समद्या बसल्यात."

तिला रीत माहीत होती. तिच्या कपाळाला कुंकू नव्हतं. वाण सवाष्णीने द्यायचं आणि सवाष्णीने घ्यायचं, हे तिला मी काय सांगणार. तरी ती आली होती, मागच्या दाराने का होईना.

मी रुमाल हातात घेतलासुद्धा. गाठ घामाने ओली होती. आणि बाहेरून काकूंची हाक आली, "कोण गं आलंय मागं?"

मी रुमाल तिच्या हातात परत दिला. वर काय म्हणाले असेन? म्हणाले, "अहो, तुमचं कशाला? तुमच्यावर आधीच काय कमी ओझं आहे. आम्ही आहोत ना."

"ओझं कसलं वो? पोरगी माझीच चालणार न्हवं त्याच्यावरनं."

"राहू दे हो. पुढे बघू." मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि दार लोटलं. बाहेर जाऊन काकूंना सांगितलं, "कुणी नाही, दूधवाला होता."

त्या खोटेपणाची लाज मला लगेच नाही वाटली, ती आता हे लिहिताना वाटते. तेव्हा वाटलं, वेळ छान निभावून नेली.

फरश्या आल्या. गवंडी शाळेच्या बाजूने घालत निघाला आणि रोज संध्याकाळी आम्ही बायका झाली तेवढी वाट चालून बघायचो. खरंच सांगते, गटारीवरून ताठ मानेने चालताना राज्य मिळाल्यासारखं वाटायचं. मग गवंडी वळणावर पोचला आणि मला बोलावणं आलं.

"बाई, हितलं कुनी दिलंय?"

मशीनवालीच्या दारापुढची गटार. डब्यातली प्रत्येक फरशी कुणाच्या ना कुणाच्या नावाने होती. तिच्या दारात वाण कुणी दिलंच नव्हतं, आणि तिच्याकडून कुणी घेतलंच नव्हतं. ज्या रीतीने पैसे उभे राहिले त्याच रीतीने तिचं घर वगळलं गेलं होतं. ही रीत मीच काढली होती. पोरीचं सगळं ज्या दारापासून सुरू होणार होतं, तेवढंच दार नेमकं राहिलं होतं.

काकू तिथेच उभ्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तिथं वाण कसं ठेवणार? मी काय वाईट बोलत न्हाई तिला. पर ज्याच्या त्याच्या कुंकवाचा प्रश्न हाय."

रात्री जेवताना मी ह्यांना सांगितलं. हे सहज म्हणाले, "मग आपल्याकडून घाल की. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! पैसे होते माझ्याकडे. पगार माझ्या हातात यायचा, कुणाला विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, "बायका काय म्हणतील? काकू पुन्हा दारात उभं करायच्या नाहीत." ह्यांनी मान हलवली आणि ताक मागितलं.

पण काकूंचं नाव मी पुढे केलं, एवढंच. खरं कारण दुसरं होतं. मी एम. ए. झालेले, वर्गात पोरींना सांगायचे की जुन्या खुळ्या समजुती सोडा, विधवेला मान द्या, निबंध लिहून घ्यायचे त्यावर. आणि दवाखान्यातून आलेला माझा नवरा समोर बसून ताक पीत होता, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. तिच्या दारात वाण ठेवलं आणि ह्यांना काही झालं तर? पैसे वाणाच्या डब्यातले नसून माझ्या पगारातले असते, हेही कळत होतं. तरी हात धजला नाही. मी गवंड्याला सांगितलं, "तेवढं राहू द्या, बघू नंतर." त्याने सामान आवरलं.

जूनमध्ये शाळा उघडली. पोरगी सातवीत आली, पायात बूट. वाट तिच्या दारापासून चार पावलं सोडून सुरू होत होती. त्या चार पावलांसाठी तिला रस्त्यावर उतरावं लागे, तेही वळणावर, जिथे वडापची जीप हॉर्न न देता यायची. उतरणं जमलं तरी बुटासकट पुन्हा फरशीवर चढणं तिला जमत नव्हतं. म्हणून आई तिला कडेवर घ्यायची, ती चार पावलं पार करायची आणि फरशीवर उभी करायची. पोरगी ओढणी तोंडावर घ्यायची. मी समोरून येत असले की चपलेचा अंगठा नीट करायचं निमित्त काढून खाली वाकायचे.

मशीनवाली एका शब्दाने बोलली नाही. तिने भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं. मलाही चार शब्द बोलता आले असते, मग रडता आलं असतं, आणि फरशी पडली असती.

आषाढात तिचा भाऊ पलूसहून आला होता. दोघांनी मिळून परड्यातला धुण्याचा दगड ओढत पुढे आणला आणि दारापुढच्या गटारीवर आडवा टाकला. त्याच्या कडेने एक फळी. झाली वाट. दुसऱ्या दिवसापासून पोरगी एकटी शाळेत येऊ लागली.

प्रार्थनेच्या आधी फाटकाबाहेरून तिच्या बुटाचा टक-टक आवाज यायचा. मुली ओळखायच्या, "आली, आली." ती ओढणी खांद्यावर टाकून यायची, घामाघूम, आणि जागेवर बसताना दप्तर असं काही आपटायची की सगळ्या वर्गाने बघावं. एकदा मी तिला म्हटलं, "काय गं, आज लवकर?" तर म्हणाली, "बाई, मी वाटेत थांबलेच नाही." मला इतकं हलकं वाटलं! सुटले एकदाची, असं वाटलं. तो दगड मी पाहिला होता. खालून गोल होता, एका बाजूने डुगडुगत होता. मी स्वतः त्यावरून जाताना भिंतीला हात लावायचे. म्हणजे मला माहीत होतं.

श्रावणात झिमझिम सुरू होती. प्रार्थना झाली, हजेरी झाली, आवाज आला नाही. दुसऱ्या तासाला शिपाई सांगत आला. दगड कलंडला होता, पोरगी गटारीत पडली होती आणि दगड तिच्या पायावर आला होता. चांगल्या पायावर. उजव्या.

मिरजेला नेलं. पाय वाचला, पण गुडघ्यात वाकायचा राहिला.

आणि मग, काय सांगावं, एका दिवसात फरशी पडली. कुणाचं वाण, कुणाचं कुंकू, एकीने काढलं नाही. काकू स्वतः गवंड्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या, आणि पदराने डोळे पुसत होत्या. त्या वाईट नव्हत्या. आम्ही कुणीच वाईट नव्हतो, आणि त्याने त्या पोरीच्या पायाला काडीचा फरक पडला नाही.

संध्याकाळी मशीनवाली दवाखान्यातून कपडे न्यायला आली. दारातली नवी फरशी तिने बघितली. मग ती माझ्याकडे आली, पुढच्या दाराने. हातात तोच रुमाल होता, गाठ तशीच.

"घ्या," ती म्हणाली. "आता तरी घ्याल न्हवं?"

"अहो, कशाला... तुमचा दवाखान्याचा खर्च..."

"वाण म्हनून नका घिऊ. फरशीचं म्हनून घ्या. माझ्या दारात फुकाटची नको."

मी घेतला. ती उभीच राहिली, मी गाठ सोडेपर्यंत. मग गेली. मी खाली बसून मोठ्याने रडले, आणि रडतानासुद्धा मनात होतं की ह्यांना आवाज जाऊ नये.

पोरगी पुन्हा शाळेत आली नाही. मी तीनदा गेले, पुस्तकं घेऊन गेले, रिक्षाचं मी बघते म्हणाले. आई म्हणाली, "ती न्हाई म्हनती." पोरगी खिडकीशी मशीनवर बसायला लागली, काज करायला, बटणं लावायला. मी दिसले की आतून हाक यायची, "नमस्ते बाई." वर्गात यायची तशीच, खणखणीत. ती मला कधी टाळायची नाही. खिडकी येण्याआधी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने मीच जायचे, ट्रॅक्टरांच्या गर्दीतून.

ह्यांना मात्र त्या वाटेचा फार उपयोग झाला. सकाळ-संध्याकाळ हे तिच्यावर फेऱ्या घालायचे, शाळेपासून वळणापर्यंत आणि परत. तब्येत सुधारली, गोळ्या कमी झाल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चालत राहा. काकू सगळ्यांना सांगायच्या की बायकोने नवऱ्यासाठी रस्ता बांधला.

एके संध्याकाळी हे फिरून आले ते हसतच. मी चहा गाळत होते.

"अगं, ती वळणावरची तुझी पोरगी माझ्या फेऱ्या मोजते खिडकीतून. आज लवकर परत फिरलो तर ओरडली, 'काका, एक राहिली!' डॉक्टरपेक्षा कडक आहे."

मी चहा कपात ओतला.

"मी म्हटलं, मग तू पण ये की चक्कर मारायला. तर म्हणते कशी, 'माझ्या पण तुम्हीच मारा.' मारली मग एक जास्तीची, तिच्या नावाची."

हे खुर्चीत टेकले आणि चपला काढायला लागले. मला विचारायचं होतं, ती म्हणाली तेव्हा हसत होती का? विचारलं नाही. त्या दारात फरशी घालायला मी कुणाच्या जिवासाठी घाबरले होते, हे ह्यांना मी तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही नाही. ते रोज एक फेरी जास्तीची मारत राहिले.